नीळ, कोसा आणि कोळसा

संपादकांनी यंदाच्या अंकाला ‘रंग’ हा विषय दिला आणि फोन ठेवता ठेवता बजावलं, ‘होळीवर नको, आणि फॅशनवर तर नकोच नको.’ मी विल्यम मॉरिसचं नाव घेतलं. पलीकडे जरा शांतता. मग, ‘म्हणजे तो वॉलपेपरवाला?’

तोच. इंग्लंडमधल्या कुठल्याही मोठ्या संग्रहालयाच्या दुकानात शिरा, मॉरिस तुम्हाला चहाच्या मगावर, छत्रीवर, चष्म्याच्या घरावर, स्वयंपाकाच्या एप्रनवर भेटतो. स्ट्रॉबेरी पळवणारे पक्षी, एकमेकांत गुंतलेली विलोची पानं, झेंडूची फुलं. १८३४ साली लंडनजवळच्या वॉल्थमस्टोत सधन घरात जन्मलेला हा गृहस्थ कवी होता. कापड, गालिचे, भरतकाम, रंगीत काचा, छपाई, जे हाती घेईल त्यात कोपरापर्यंत बुडणारा कारागीर होता. स्वतःचं दुकान चालवणारा व्यापारी होता. आणि पन्नाशीच्या तोंडावर त्यानं स्वतःला समाजवादी म्हणवून घेतलं, आणि रस्त्याच्या कोपऱ्यावर उभं राहून भाषणं करायला सुरुवात केली.

त्याच्यावर लिहिणारे बहुधा त्याची वाटणी करतात. घरसजावटीच्या मासिकांना नक्षीवाला मॉरिस, डाव्यांना लाल मॉरिस. लंडनमध्ये ही वाटणी खपून जाते. उत्तरेकडे सरकावं तशी ती विसविशीत होत जाते. ज्या गावानं त्याला रंगाऱ्याचं काम शिकवलं ते तिकडचं, ज्या लोखंडवाल्यांनी आणि व्यापाऱ्यांनी त्याचं दुकान चालवलं ते तिकडचे, आणि ज्या खाणकामगारांपुढे तो गाड्यावर चढून बोलला तेही तिकडचेच. म्हणून लंडनकडे पाठ करून मी निघाले ती स्टॅफर्डशरमधल्या लीकला.

नऊ फूट खोल हौद

लीकला आता रेल्वे नाही. मॉरिस आगगाडीनं यायचा. आपण स्टोकहून बसनं जायचं. मोठमोठ्या खिडक्यांच्या लाल विटांच्या गिरण्या गावभर उभ्या आहेत. त्यातल्या काहींत आता फ्लॅट झालेत, काहींत जुन्या फर्निचरचे बाजार भरतात. गावाला वळसा घालून जाणारी चर्नेट नदी इतकी किरकोळ आहे, की पुलावरून जाताना लक्ष गेलं नाही तर निसटून जावी. पण लीकचं रेशीम आणि विशेषतः लीकचा काळा रंग नावाजला गेला तो या पाण्यामुळे, असं इथले रंगारी सांगत आले.

या नदीकाठी थॉमस वॉर्डलचा रंगकामाचा कारखाना होता. १८७५ च्या उन्हाळ्यात मॉरिस त्याच्याकडे आला आणि पुढची दोन-तीन वर्षं येत राहिला. ओळख घरातूनच होती. वॉर्डलच्या बायकोचा, एलिझाबेथचा भाऊ मॉरिसच्या दुकानात व्यवस्थापक होता. मॉरिसचं दुखणं एकच होतं: त्याला हवे तसे रंग बाजारात मिळत नव्हते. १८५६ साली पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाला कोळशाच्या डांबरातून जांभळा रंग सापडला आणि वीस वर्षांत सगळं चित्र पालटलं. नवे रंग स्वस्त होते, झटपट चढायचे, डोळ्यांत भरायचे आणि उन्हात तितक्याच झटपट उतरायचे. मॉरिसला हवी होती नीळ, मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांचा लाल आणि रानटी झुडपाचा पिवळा. हे रंग जुने झाले तरी विटके न दिसता मवाळ होतात, असं त्याचं म्हणणं. पण ते कसे चढवायचे हे माहीत असलेली माणसं म्हातारी झाली होती. उरलेलं ज्ञान जुन्या पुस्तकांत होतं, आणि पुस्तकं वाचून नीळ चढत नाही.

ती का चढत नाही हे जरा खोलात जाऊन सांगायला हवं, कारण सगळी गंमत तिथंच आहे. निळीची वडी पाण्यात विरघळतच नाही. कुटून टाकली तरी तळाशी गाळ होऊन बसते. तिला विरघळवायचं तर आधी तिच्यातला निळा रंगच काढून घ्यावा लागतो. हिराकस आणि चुन्याच्या हौदात, किंवा कोंडा घालून आंबवलेल्या ऊबदार हौदात, ती पिवळट हिरवी होते आणि मगच धाग्यात शिरते. धागा बाहेर काढला की हवा लागते, आणि तुमच्या डोळ्यांदेखत हिरव्याचा निळा होतो. हौद फार गार झाला तर बिघडला, फार तापला तर बिघडला, कुणी उगाच ढवळून आत हवा घातली तरी बिघडला. मोजमापाचं कोष्टक इथं अर्ध्या वाटेपर्यंतच साथ देतं. पुढचं काम नाकाचं, बोटांचं आणि हौदावर आलेला तवंग वाचणाऱ्या डोळ्यांचं.

१८७६ च्या मार्चमध्ये वॉर्डलच्या कारखान्यात वीस पौंड रेशीम निळीत बुडवलं गेलं. त्याचं वर्णन मॉरिसनं पत्रात केलं आहे. हौद नऊ फूट खोल, सहा फूट रुंद, काठोकाठ जमिनीत पुरलेला. चार रंगारी, स्वतः वॉर्डल, आणि हाताखालचा गडी म्हणून मॉरिस. गड्यांना हुरूप यावा म्हणून बिअर मागवली होती. रेशीम हिरवं बाहेर येऊन निळं होत जाताना तो पोरासारखा हरखला. आणि त्या चौघांतला सर्वांत जुना, सत्तरीचा रंगारी, तेवढ्यालाच आठवत होतं की पूर्वी रेशीम असं रंगवायचे.

या सत्तरीच्या माणसाचं नाव पत्रात नाही. मला मात्र पुढच्या सगळ्या मॉरिसचं बीज या माणसात दिसतं. कुठल्याही समाजवादी पुस्तकाचं पान उलटण्याआधी सात वर्षं मॉरिस पायात लाकडी खडावा आणि अंगात कामगाराचा सदरा घालून एका मजुराच्या शेजारी उभा होता, आणि ज्याला लिहिता-वाचता येत होतं की नाही कोण जाणे, अशा त्या माणसाला जे कळतं ते आपल्याला कळत नाही, हे बघत होता. यंत्र आणि घाई मिळून असल्या माणसाचं काय करतात, हे त्याला मार्क्सनं नंतर सांगितलं. दिसलं आधी लीकमध्ये.

सगळं गोडीगुलाबीत चाललं असं नाही. मॉरिसची वॉर्डलला गेलेली पत्रं तक्रारींनी भरलेली आहेत: हा निळा राखाडी झाला, तो लाल फिका, आधीच्या थानाशी नंतरचं जुळत नाही. वॉर्डल कारखानदार होता, त्याला महिन्याचा हिशेब बघायचा असे. त्यानं मॉरिसचे कितीतरी नमुने छापले, पण छापील सुती कापडावर निळीचं जे काम मॉरिसला हवं होतं, ते लीकमध्ये साधलं नाही. १८८१ साली त्यानं लंडनच्या दक्षिणेला मर्टनला स्वतःचा कारखाना काढला, तेव्हा ते जमलं. सगळं कापड आधी निळीत बुडवायचं, मग जिथे रंग नको तिथून ठशानं तो उडवायचा, मग मोकळ्या जागी लाल आणि पिवळा भरायचा. स्ट्रॉबेरी पळवणारे पक्षी १८८३ साली उतरले ते असे.

भंडाऱ्याचा कोसा, बेळगावचा साहेब

वॉर्डलचं दुसरं वेड होतं हिंदुस्थानातलं रानटी रेशीम. आपल्याकडे भंडारा-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात ढिवर कुटुंबं ऐनाच्या झाडांवर ज्या किड्यांची राखण करतात, त्यांचा कोसा, बाजारात तसर. तुतीच्या रेशमाचा धागा गोल आणि पांढरा. तसरचा धागा चपटा, रंगानं मधाळ तपकिरी आणि दुसरा रंग अंगाला लावून न घेणारा. युरोपच्या बाजारात म्हणूनच त्याला भाव नव्हता. वॉर्डलनं वर्षानुवर्षं खटपट करून त्यावर रंग चढवून दाखवला आणि १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात मांडला. त्यानंतर इंग्लंडच्या गिरण्यांनी या रेशमाची मखमलीसारखी लवदार प्लश विणायला घेतली, आणि मडमांना सीलच्या कातड्याऐवजी कोशाचे कोट मिळू लागले. १८८५-८६ मध्ये वॉर्डल स्वतः हिंदुस्थानभर हिंडून रेशमाचे नमुने गोळा करून गेला.

मॉरिसला हिंदुस्थानी कापडाचं मोल ठाऊक होतं आणि त्याचं काय होतंय तेही दिसत होतं. १८७९ मध्ये बर्मिंगहॅमच्या भाषणात त्यानं साफ सांगितलं, की इंग्रजी व्यापार हिंदुस्थानातल्या कारागिरीचा गळा घोटतो आहे. त्याच वर्षी त्यानं आणि इतर कलावंतांनी जॉर्ज बर्डवुड यांना एक आभारपत्र दिलं, कारण बर्डवुड यांनी इथल्या हस्तकलांची बाजू मांडली होती. हे बर्डवुड जन्मले आपल्या बेळगावात, आणि भायखळ्याच्या राणीच्या बागेतलं संग्रहालय, म्हणजे आजचं भाऊ दाजी लाड, उभं राहण्यात त्यांचा हात होता. एक कबूल करायला हवं. मॉरिसच्या निळीच्या वड्या कुठून येत होत्या, हा प्रश्न त्यानं कितपत विचारला, शंका आहे. बंगालच्या रयतेनं नीळ पेरणार नाही म्हणून उठाव केल्याला तेव्हा पुरती वीस वर्षंही झाली नव्हती.

सुईखालची नावं

१८७९ साली एलिझाबेथ वॉर्डल यांनी लीकमध्ये भरतकाम करणाऱ्या बायकांची संस्था काढली. नवऱ्यानं रंगवलेलं तसर आणि रेशमी धागा, त्यावर मॉरिसचे आणि इतरांचे नमुने. आसपासच्या चर्चमध्ये वेदीवरची वस्त्रं आजही त्यांच्या हातची आहेत. या बायकांच्या नमुन्यांत अजिंठाही होता. जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे मुंबईकर विद्यार्थी तेव्हा लेण्यांतली चित्रं उतरवून घेत होते. त्या छतांवरची नक्षी फिरत फिरत स्टॅफर्डशरमधल्या बायकांच्या सुईखाली आली. कोशाच्या कापडावर अजिंठ्याची नक्षी, इंग्लंडच्या ओलसर टेकड्यांमध्ये.

त्यांचं सर्वांत मोठं काम म्हणजे बायोची पट्टी. फ्रान्समध्ये जपलेली, अकराव्या शतकातल्या लढाईची सत्तर मीटर लांबीची भरतकामातली कथा. एलिझाबेथबाईंच्या मनात आलं, आपल्या देशालाही एक प्रत हवी. पस्तीस बायकांनी वर्षभरात ती पुरी केली, १८८६ मध्ये. लोकर रंगवून दिली वॉर्डलनं, वनस्पतींच्या रंगात. ही प्रत आता रेडिंगच्या संग्रहालयात आहे. बघायला जाणारे हटकून एक गोष्ट सांगतात. मूळ पट्टीच्या काठावरचे उघडेनागडे पुरुष लीकच्या प्रतीत चड्ड्या घालून आहेत. दोष बायकांच्या माथी मारला जातो, पण ज्या फोटोंवरून त्यांनी काम केलं, ते लंडनच्या संग्रहालयातून आले तेव्हाच कुणीतरी सभ्य करून ठेवले होते. समोर आलं ते बायकांनी इमानेइतबारे भरलं.

मी मात्र चड्ड्यांपेक्षा खालच्या ओळीत जास्त वेळ रमले. आपण भरलेला तुकडा संपला की त्याखाली त्या बाईनं आपलं नाव भरलं आहे, त्याच सुईनं, त्याच लोकरीनं. मूळ पट्टी कुणी भरली हे नऊशे वर्षांत कुणालाही सांगता आलेलं नाही. मॉरिसच्या कापडाच्या काठावरही दुकानाचं नाव असतं, ठसा मारणाऱ्याचं नसतं. कामात माणूस दिसला पाहिजे असं तो जन्मभर सांगत राहिला. लीकच्या बायकांनी भाषण न करता ते करून टाकलं.

लोखंडवाल्याचं घर

आता पैशाकडे. हातानं रंगवलेलं, हातानं छापलेलं कापड महाग पडणारच. मॉरिसचं दुकान चाललं ते कोळसा, लोखंड, लोकर आणि जमिनीवर गबर झालेल्यांच्या जोरावर. ब्रॅडफर्डजवळच्या एका व्यापाऱ्यानं १८६२ मध्ये आपल्या घरासाठी त्रिस्तान आणि इसोल्दच्या प्रेमकथेच्या तेरा रंगीत काचा करवून घेतल्या. आता त्या ब्रॅडफर्डच्या संग्रहात आहेत. यॉर्कशरमध्ये राउन्टन ग्रेंज हा आयझॅक लोदियन बेल यांचा वाडा होता. बेल म्हणजे टीज नदीकाठच्या लोखंडी भट्ट्यांचे धनी. वाडा बांधला मॉरिसचा मित्र फिलिप वेब यानं. जेवणघराच्या भिंतीवर फिरवायला गुलाबाच्या प्रेमकथेची भरतकामाची पट्टी मॉरिस आणि त्याचा चित्रकार मित्र बर्न-जोन्स यांनी आखली, आणि बेल यांच्या पत्नी व मुलीनं आठ वर्षं सुई चालवून ती पुरी केली.

या वाड्यात मॉरिस एकदा खोल्यांतून येरझारा घालत स्वतःशीच बडबडताना दिसला. बेल यांनी काय झालं म्हणून विचारलं, तर तो उसळून म्हणाला, की श्रीमंतांच्या डुकरासारख्या चैनीची सेवा करण्यात माझा जन्म चालला आहे. म्हणाला कुणाला, तर गिऱ्हाइकाला, त्याच्याच घरात. हा किस्सा मॉरिसच्या चाहत्यांना फार आवडतो. मला तो थोडा खुपतो. बेल मोबदला देत होते, मॉरिस घेत होता आणि वाड्याचं काम पुरं झालं. त्याचं स्वतःचं बालपण डेव्हनमधल्या एका तांब्याच्या खाणीच्या नफ्यावर पोसलं गेलं होतं. त्याच खाणीतून पुढे सोमल निघायला लागला, आणि १८७५ पर्यंत मॉरिस त्या कंपनीचा संचालक होता. चांगलं काम स्वस्त होत नाही आणि स्वस्त काम माणसाला खाऊन टाकतं, या पेचातून दुकानदार म्हणून त्याला कधीच वाट सापडली नाही. पण त्या पेचावर तो सुखानं झोपला नाही.

वाडा विसाव्या शतकाच्या मध्यावर पाडला. भरतकाम वॉल्थमस्टोच्या मॉरिस संग्रहालयात गेलं. तसल्या कामाचा उत्तरेतला जिवंत नमुना बघायचा तर कार्लाइलजवळ ब्रॅम्प्टनला जावं. तिथलं सेंट मार्टिन चर्च हे वेबनं बांधलेलं एकमेव चर्च. खिडक्यांचे आराखडे बर्न-जोन्सचे, काच मॉरिसच्या कारखान्याची. बाहेरून करड्या दगडाची, जरा वेडीवाकडीच वाटणारी इमारत. आत शिरलं की वेदीमागच्या खिडकीतला लाल, निळा आणि हिरवा एकदम अंगावर येतो. बर्न-जोन्सनं आपल्या हिशेबाच्या वहीत या खिडकीच्या मोबदल्यावरून कुरकुर केली आहे, विनोदानं पण मनापासून. राबवून घेणारा मालक म्हणून नाव कुणाचं, तर मॉरिसचं.

हॉर्टनची सभा

१८८३ मध्ये मॉरिस डेमोक्रॅटिक फेडरेशन या राजकीय संघटनेत गेला. पुढाऱ्याशी, म्हणजे हाइंडमनशी, पटेना म्हणून १८८४ च्या शेवटी बाहेर पडून त्यानं सोशलिस्ट लीग काढली. हाइंडमन म्हणजे तोच, ज्याचा दादाभाई नौरोजींशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार होता आणि जो हिंदुस्थानच्या लुटीवर लिहीत असे. लीगचं साप्ताहिक ‘कॉमनवील’, किंमत एक पेनी, तोटा मॉरिसच्या खिशातून. आठवड्याच्या शेवटी तो आगगाडीत बसे आणि ग्लासगो, एडिंबरा, लीड्स, मँचेस्टर करत हिंडे. होमरच्या ओडिसीचं भाषांतर त्यानं बरंचसं या डब्यांत बसून केलं.

१८८७ च्या सुरुवातीला नॉर्थम्बरलंडच्या खाणमालकांनी मजुरीत साडेबारा टक्के कपात मागितली आणि कामगार संपावर गेले. लीगचा तरुण कार्यकर्ता माहन तिथे ठाण मांडून होता. ईस्टरच्या सोमवारी, ११ एप्रिलला, मॉरिस स्कॉटलंडहून परतताना त्याच्या मदतीला उतरला.

त्या दिवसाची त्याची रोजनिशी आहे. सेगिलला ते एका खाणकामगाराच्या घरी थांबले. घरधनी धिप्पाड; खाणीतल्या स्फोटात एक डोळा गेलेला, दुसरा अधू, चेहरा फाटलेला. घर मात्र लख्ख. रोजनिशीत मॉरिस या माणसाच्या शहाणपणाबद्दल आणि त्याच्या बायकोच्या अगत्याबद्दल लिहितो, गहिवर काढत नाही. मग ब्लाइथ आणि तिथून मिरवणुकीनं हॉर्टन. भोवतालच्या गावांतून येऊन मिळणाऱ्यांनी रांग फुगत गेली. मैदानात काही हजार माणसं. पुढच्यांना खाली बसवलं, म्हणजे मागच्यांना दिसेल. मॉरिस गाड्यावर चढला.

तो वक्ता म्हणून कसा होता, याबद्दल त्याचे मित्रही हात राखून बोलतात. घशातून रेटून काढलेला आवाज, शब्द अडखळत येणारे, निळ्या सर्जचा बोजड कोट. त्या कोटावरून लोक त्याला जहाजाचा कप्तान समजत. पण हॉर्टनला तो चांगला बोलला असं दिसतं. कपात रद्द होण्यावर थांबू नका, खाण कुणाची हे विचारा, असा त्याच्या बोलण्याचा रोख होता. संध्याकाळी न्यूकॅसलजवळ टाइनकाठी रायटनला दुसरी सभा झाली. सुट्टीचा दिवस, झोके बांधलेले, पोरांचे खेळ चाललेले. त्या जत्रेत उभं राहून अंधार पडेपर्यंत पुन्हा भाषण.

मी गेले तेव्हा हॉर्टनचं जुनं चर्च आणि सपाट शेतं वाऱ्यात उभी होती. पलीकडे मोठा रस्ता, नवी घरं. खाणी केव्हाच मिटल्या. एका बाईंना मी विचारलं, इथे १८८७ मध्ये मोठी सभा झाली होती, माहीत आहे का? त्या म्हणाल्या, ‘माझ्या आजोबांच्या तोंडी १९२६ चा संप असायचा. त्याआधीचं आता कोण सांगणार!’

संप काही आठवड्यांत मोडला. मजुरी कापली गेली.

लीड्सचा फोटोवाला, ब्रॅडफर्डचा विणकर

मॉरिस येई आणि जाई. मागे राहणारे कोण होते? लीड्समध्ये टॉम मॅग्वायर. गरीब आयरिश घरातला, फोटोग्राफरकडे मदतनीस, अठराव्या वर्षी समाजवादी झालेला. लीगची शाखा म्हणजे आठ-दहा माणसं. रविवारी मैदानात कुणीतरी पेटी आणायची, कुणीतरी गाणं सुरू करून गर्दी जमवायची, कुणीतरी बोलायचं आणि उरलेल्यांनी ‘कॉमनवील’ विकायचा. पाऊस आला तर सगळं बारगळलं. मॉरिसच्या बोलण्याचा मासला मँचेस्टरचा: मार्च १८८३ मध्ये तो तिथे कलेवर बोलायला गेला आणि संपत्तीच्या वाटपावर बोलून आला. कलेच्या सभेत हा वर्गाचा प्रश्न कशाला, अशी तक्रार झाली. त्यानं वर्तमानपत्राला उत्तर धाडलं, की लोकांच्या कलेचा प्रश्न हा सामाजिकच प्रश्न आहे.

मॅग्वायर आणि त्याच्या मंडळींनी मॉरिसचं हे म्हणणं ऐकलं आणि मग त्याला जे फारसं रुचत नव्हतं ते केलं. कामगार संघटना बांधल्या. १८८९ मध्ये लीड्सचे बांधकाम मजूर; त्याच वर्षी समाजवादी कार्यकर्त्या इझाबेला फोर्ड यांच्या साथीनं शिवणकाम करणाऱ्या बायका; १८९० च्या उन्हाळ्यात गॅस कामगार. आठ तासांचा दिवस काढून घ्यायला नगरपालिकेनं बाहेरून मजूर आणले, तेव्हा रेल्वेच्या पुलावरून त्यांच्या तांड्यावर दगडविटांचा पाऊस पडला. गॅस कामगार जिंकले. लीगचे लंडनवाले तेव्हा क्रांती कधी आणि कशी यावर भांडत होते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये मॉरिस वैतागून लीगमधून बाहेर पडला.

ब्रॅडफर्डला मॅनिंगहॅमची गिरणी अजून शहरावर पहारा करते. धुराडं अडीचशे फुटांच्या घरात, आत आता फ्लॅट. मालक सॅम्युएल लिस्टर. टाकाऊ रेशीम विंचरून सूत काढण्याचं यंत्र उभं करून श्रीमंत झालेला, आणि मखमल आणि प्लश विकणारा. अमेरिकेनं १८९० मध्ये जकात वाढवली. त्याचं कारण पुढे करून त्यानं मजुरी कापायचं ठरवलं. डिसेंबरात संप झाला, एप्रिल १८९१ पर्यंत चालला, शेवटी पोटाला चिमटे बसून मोडला. सभांना शहरात बंदी, सैन्य रस्त्यावर. त्या हिवाळ्यानं ब्रॅडफर्डच्या कामगारांना एक गोष्ट शिकवली: नगरपालिकेत आपली माणसं नसतील तर फौज आपल्यावरच येते. १८९३ च्या जानेवारीत स्वतंत्र मजूर पक्षाची स्थापना झाली ती लंडनमध्ये नाही, ब्रॅडफर्डमध्ये.

मॅग्वायर १८९५ मध्ये न्यूमोनियानं गेला, तिशीही न गाठता. मित्र पोहोचले तेव्हा घरात ना खायला काही होतं ना शेगडीत आच. मॉरिस पुढच्या वर्षी, ३ ऑक्टोबर १८९६ ला गेला. डॉक्टर म्हणाले, दहा माणसांचं काम एकट्यानं केलं, हाच याचा आजार.

त्यानंतर लीकनं आपल्या पद्धतीनं त्याचं देणं फेडलं. लार्नर सग्डन हा गावातला वास्तुकार. निकल्सन इन्स्टिट्यूट ही गावाची वाचनालय-कलादालनाची देखणी इमारत १८८४ मध्ये बांधणाऱ्या बापलेकांतला लेक, मॉरिसचा चेला आणि कडवा समाजवादी. मॉरिस गेल्यावर दोन-तीन महिन्यांत त्यानं क्वेकर पंथीयांच्या जुन्या सभागृहात ‘विल्यम मॉरिस लेबर चर्च’ सुरू केलं. भिंती लाल, त्यावर चित्रकार वॉल्टर क्रेनच्या आराखड्याची नक्षी, पडदे मॉरिसच्या निळ्या कापडाचे. रविवारी गिरणीतले लोक तिथे प्रार्थनेऐवजी मजुरी, तुरुंग, स्त्रियांचा मताधिकार यावर भाषणं ऐकायला बसत. मॉरिसचं कापड राउन्टनसारख्या वाड्यांतून गिरणी कामगारांच्या खोलीत आलं ते असं, तो स्वतः हयात नसताना. सग्डन १९०१ मध्ये गेला आणि त्याच्या मागे हे चर्च फार टिकलं नाही.

फ्रेड जॉवेटची गोष्ट राहिली. ब्रॅडफर्डचा हा पोरगा आठव्या वर्षी अर्धवेळ गिरणीत लागला, विणकर झाला, पुढे मुकादम. सोशलिस्ट लीगच्या ब्रॅडफर्ड शाखेत तो मॉरिसचं वाचत, ऐकत वाढला. मॉरिसला पार्लमेंटचा मनस्वी तिटकारा होता. आपल्या कादंबरीत त्यानं भविष्यातल्या लंडनमध्ये पार्लमेंटच्या इमारतीचं शेणखताचं कोठार करून टाकलं आहे. जॉवेट मात्र निवडणुकांच्या वाटेनं गेला. नगरसेवक झाला, शाळेतल्या भुकेल्या मुलांना नगरपालिकेच्या खर्चानं जेवण मिळावं म्हणून झगडला, १९०६ मध्ये खासदार झाला. १९२४ साली मजूर पक्षाचं पहिलं सरकार आलं आणि त्याला मंत्रिपद मिळालं सरकारी बांधकाम खात्याचं. राजवाडे, जुनी स्मारकं आणि पार्लमेंटची इमारत यांची डागडुजी त्याच्याकडे. कोठार करायचं सोडून गुरूच्या या चेल्यावर त्याच इमारतीची देखभाल करायची वेळ आली.